मऊ जॉर्जेटमागचे कॉस्टिक

एकदा आमच्या घाटकोपरच्या दुकानात पॉलिस्टर जॉर्जेटची थाने प्रोसेसमधून आली. हाताला अगदी रेशमासारखी. पण शिवल्यावर ताण पडताच कापड शिलाईपाशी विरू लागले. माल परत आला, नुकसान आम्हीच सोसले. दोष धाग्याचा नव्हता. कॉस्टिकने कापड प्रमाणाबाहेर खाल्ले होते. असे का होते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावे.

पॉलिस्टर आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून बनते. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या पॅराझायलीनवर हवेची क्रिया करून टेरेप्थॅलिक आम्ल काढतात. ही क्रिया ॲसिटिक आम्लात होते. आपल्या सिरक्यात असते तेच हे आम्ल. मग टेरेप्थॅलिक आम्ल व ग्लायकॉल एकत्र तापवले की पाणी निघून जाते आणि दोघांची लांब साखळी बनते. तिच्या प्रत्येक सांध्याला एस्टर म्हणतात. विनफिल्ड आणि डिक्सन यांनी 1941 साली इंग्लंडमध्ये हा धागा शोधला. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्सने 1982 साली त्याचे उत्पादन सुरू केले.

गरम कॉस्टिक हाच सांधा तोडते. साबणवाला तेलात कॉस्टिक घालतो, तेव्हाही एस्टरच तुटतो. प्रोसेसवाले हे मुद्दाम करतात. त्याला वेट रिडक्शन म्हणतात. धागा बाहेरून झिजून बारीक होतो, म्हणून कापड मऊ पडते. 100 किलो मालाचे 20 टक्के वजन उतरवले, तर 20 किलो पॉलिस्टर विरघळून सांडपाण्यात जाते. त्या पाण्यात गंधकाम्ल टाकले, तर टेरेप्थॅलिक आम्ल पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पुन्हा खाली बसते.

कॉस्टिक जास्त, पाणी जास्त गरम किंवा वेळ जास्त झाला, की कापड कमजोर होते. कॉस्टिक धुऊन काढून उरलेले ॲसिटिकने मारावे लागते. पुढे 130 अंशांवर रंगवतानाही थोडे ॲसिटिक घालतात. कॉस्टिक राहिले, तर त्या उष्णतेत सांधे पुन्हा तुटतात आणि काही रंगही बिघडतात.

म्हणून माल देताना किती टक्के वजन उतरवायचे, ते चलनावर लिहून घ्यावे. खळ व तेल धुतल्यावर पूर्ण थान तोलावे आणि वेट रिडक्शननंतर पुन्हा तोलावे. नुसते एका मीटरचे वजन पाहू नये. कापड आटले की तो हिशेब फसतो. काट्यावरचे दोन आकडे हाती असले, तर पुढचा वाद सोपा होतो.