पोळ्याच्या बाजारांतील बैल

श्रावणी अमावास्या जवळ आली, म्हणजे लातूरच्या गंजगोलाईभोंवतींच्या दुकानांस निराळेंच रूप येतें. गोंडे, घुंगुरमाळा, कवड्यांचे पट्टे, बेगड आणि रंगीत कासरे यांनीं दुकानांचीं दारें झांकून जातात; खालीं मातीच्या बैलांच्या जोड्या मांडलेल्या असतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशीच एक जोडी मीं नातीसाठीं घेतली. घरीं येतांच तिनें विचारलें, "आजोबा, हा कोणता बैल?" मी निरुत्तर झालों. बैल पांढराशुभ्र, शिंगें सोनेरी, डोळे निळे. परंतु आमच्या मुलखांतला तो नव्हताच!

वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या भूमींत गोवंशाच्या दोन नामांकित जाती नांदतात, तेथें तो क्षुल्लक नव्हे. लातूर जिल्ह्यांतील देवणी गांवाच्या नांवानें ओळखला जाणारा देवणी बैल काळ्या-पांढऱ्या रंगाचा, लांब लोंबत्या कानांचा. त्यांतही तीन प्रकार: अंग पांढरें व तोंडाच्या बाजू काळ्या तो वान्नेरा, सर्वांगावर काळे ठिपके विखुरलेले तो शेवरा, आणि जवळजवळ सगळाच पांढरा तो बालंक्या. नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा बैल मात्र गडद तांबडा. त्याच्या डोळ्यांभोंवतीं काळें वलय असतें, जणूं काजळच घातलें आहे.

जुन्या शेतकऱ्याचा शृंगार या रूपास अनुसरून असे. पांढऱ्या देवणीवर तांबडे गोंडे खुलतात. तांबड्या कंधारीवर पांढऱ्या कवड्या. घंटेवरून बैल कोठें चरतो आहे तें अंधारांतही कळे. शिंगाच्या टोंकाची पितळी शेंबी शोभाही देई आणि दुसऱ्या जनावरास इजाही होऊं देत नसे. प्राणी आधीं, अलंकार मागाहून, हा तेथील नियम होता.

अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत डिस्ने कंपनीनें १९९८ सालीं 'अॅनिमल किंगडम' नांवाचें विशाल क्रीडोद्यान उघडलें. तेथील दुकानेंही प्राण्यांच्या रंगीत कोरीव आकृतींनीं सजविलेलीं आहेत, आणि त्याच उद्यानांत जिवंत प्राणीही पाहावयास मिळतात. इतक्या दूर जाण्याचें मात्र कारण नाहीं. मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. तेथें घोडे, गाढवें, उंट, बैल विक्रीस येतात आणि त्यांच्या साजाचीं दुकानेंही लागतात. चित्र आणि प्राणी शेजारीं असले, म्हणजे चित्रकारास खोटें बोलतां येत नाहीं.

शहरांत तसें नाहीं. नांगरास ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले, आणि सदनिकेंत वाढणाऱ्या मुलास दुकानांतला बैल हाच काय तो बैल! तो जर साच्यांतला, बेनांवाचा असेल, तर देवणी आणि कंधारी हे शब्द प्रथम मुलांच्या तोंडांतून जातील. मग त्या जातींविषयीं हळहळणारा तरी कोण उरणार?

पुढल्या पोळ्यास मीं एका वृद्ध कुंभाराजवळ ही तक्रार केली. तो हंसला. "गुर्जी, तोंड काळं केलं तर गिऱ्हाईक म्हणतं, रंग सांडला. मागणाराच नाही, तर करू कोणासाठी?" त्याचें म्हणणें खरें होतें, दोष विकणाराचा नसून आपणां घेणारांचा होता. मीं दोन जोड्या सांगून करविल्या, एक वान्नेऱ्याची, एक कंधारीची. किंमत तीच पडली.

पूजेच्या दिवशीं नात त्यांपुढें पुरणाचा नैवेद्य ठेवून शेजारच्या मुलांस सांगत होती, "हा सांडलेला रंग नव्हे, याचं तोंड असंच असतं."

गृहिणींनीं व वडीलधाऱ्यांनीं यंदा बाजारांत एवढेंच विचारावें: हा बैल कोणता? दुकानदारास उत्तर शोधावें लागेल, आणि कुंभारास रंग.