लाइट घेताय? आधी ठरवा, बघायचं काय आहे

पावसाळ्यातला शनिवार जवळ आला की कॉलेजच्या ग्रुपवर एकच विषय असतो, चिखलदरा. कुणाच्या तरी काकांची थार मिळणार असते, कुणाकडे बोलेरो असते, उरलेले बाइकवर. आणि निघायच्या चार दिवस आधी कुणीतरी टूम काढतंच, 'गाडीले लाइट बसवून घेऊ ना बे!' टपावर लांबच लांब लाइट बार लावलेल्या गाड्या रील्समध्ये पाहून हे सुचणं साहजिक आहे. मग अमरावतीतल्या नाहीतर अकोल्यातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात तुम्ही जाता आणि तिथे तुम्हाला एकच आकडा ऐकवला जातो. वॅट.

त्या आकड्याला भुलू नका. लाइट वीज किती खातो, एवढंच वॅट सांगतो. प्रकाश किती निघतो ते ल्युमेनवरून कळतं आणि तो रस्त्यावर पोचतो किती, हे लक्सवरून. चांगल्या कंपन्या खोक्यावर मीटरमध्ये रेंज छापतात. ती बहुतेक वेळा १ लक्स प्रकाश जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतची असते. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे बघा. त्या रेंजच्या टोकाला उभं असलेलं काळं रानडुक्कर तुम्हाला ऐंशीच्या स्पीडला दिसेल, ही आशा सोडा. शिवाय दुप्पट लांबचं तेवढंच स्पष्ट दिसायला हवं असेल तर प्रकाश चौपट लागतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय दिसत नाहीये?

चिखलदऱ्याला उत्तर आहे, धुकं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण १,११८ मीटर उंच. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चढा नाहीतर घटांगवरून, पावसाळ्यात वरच्या वळणांवर ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर जोरदार प्रकाश टाकला की तो उलटा तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. टपावरचा लाइट तर तुमच्या नजरेच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे धुक्यात तो सगळ्यात निरुपयोगी. बॉनेटवर चमक येते ती वेगळीच. इथे हवा तो खरा फॉग लाइट. बंपरच्या खालच्या भागात बसवलेला, प्रकाश आडवा पसरवणारा आणि वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा तुटणारा. तो धुक्याच्या खालून रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दाखवतो. पिवळा घ्यावा की पांढरा, यावर मित्रांमध्ये तासन् तास वाद होतात. पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो हा समज चुकीचा आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते दोन्ही रंग जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्याने डोळ्यांना कमी खुपतं असं अनेकांना वाटतं, तेवढ्यासाठी घ्यायचा तर घ्या.

पण फॉग लाइट लावला म्हणून स्पीड वाढवायचा नसतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तिथेच १६-१७ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी १२-१५ मीटर. म्हणजे तीस मीटर. धुक्यात वीसच मीटर दिसत असेल तर चाळीसचा स्पीड कोणत्याही लाइटने सुरक्षित होत नाही.

सपाटीवर प्रश्न बदलतो. अमरावती ते अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली, हे तुम्हाला माहीत असेलच. रस्ता असा गुळगुळीत झाला की पाय आपोआप दाबला जातो. आणि शेतातून रोही नाहीतर रानडुक्कर निघतं, किंवा मागे साधं रिफ्लेक्टरही नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे असते. ऐंशीच्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सत्तरेक मीटर लागतात, आणि डिपरवर नीट दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटर. हा फरक भरून काढायला लांब फेकणारा ड्रायव्हिंग लाइट कामाचा असतो, पण रस्ता रिकामा असेल तेव्हाच. पांदण रस्त्याचं तिसरंच. काळ्या मातीच्या चिखलात तुम्ही दहा-पंधराच्या स्पीडने चालता, तिथे लांबचं बघून करायचं काय? चाकोरी, बांध, नाली दिसायला रुंद पसरणारा लाइट हवा.

आता समोरच्याचं बोलू, कारण खरी जोखीम तिथे आहे. घाटात वळणावर एसटी येते. तुमचा लाइट बार सुरू आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि डोळे पुन्हा जुळवून घ्यायला काही सेकंद जातात. त्या सेकंदांत ती बस दिसत नसलेल्या रस्त्यावरून तुमच्याच दिशेने येत असते. एका बाजूला दरी. म्हणून वायरिंग करणाऱ्याला एक गोष्ट ठासून सांगा, लांब फेकणारे लाइट अपरच्या वायरवरून रिलेने जोडा. म्हणजे डिपर मारला की एका बोटात सगळं बंद. वेगळं बटण शोधत बसलात तर वळण संपलेलं असतं.

रिले आणि फ्यूजशिवाय काम करून घेऊच नका. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अ‍ॅम्पिअरच्या वर. हा करंट साध्या बटणातून आणि बारीक वायरमधून नेला की वायर तापते आणि वितळते. एलईडीला करंट कमी लागतो, पण बाइकवाल्यांनी आपल्या गाडीचं चार्जिंग किती झेपतं ते आधी विचारून घ्यावं.

कायदाही बघून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. नियम १०६ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणार नाही असा खाली वळलेला किंवा ड्रायव्हरला खाली वळवता येणारा हवा. त्यात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाहीत, असा निकाल दिलाय. टपावरचा बार या सगळ्यात बसवणं अवघड आहे. कंपनीनेच बंपरमध्ये फॉग लाइटसाठी जागा दिलेली असते, तीच वापरा, वॉरंटीचाही वाद टळेल.

आणि मेळघाट. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. सेमाडोह, हरिसालकडे जाताना किंवा अकोटहून पोपटखेडमार्गे वर चढताना रस्ता जंगलातूनच जातो. झोत डोळ्यांवर पडला की सांबर, ससा जागच्या जागी थिजतात. रातवा पक्षी तर रात्री उबदार रस्त्यावरच बसलेला असतो. कडेच्या झाडीत लाइट फिरवून डोळे चमकताना बघणं ही मजा नाही. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना नवा लाइट लागतच नाही. हेडलाइटची काच पिवळी, धुरकट पडली असेल तर आधी पॉलिश करून घ्या, त्याने किती फरक पडतो ते त्याच रात्री कळतं. विंडशील्ड आतून पुसा. बाइकवर रात्री काळा व्हायजर नको (हे लिहावं लागतंय, पण लिहितेय). त्यानंतरही कमी वाटलं तर बंपरमध्ये फॉग लाइटची एक चांगली जोडी. घेताना काचेवर वर्तुळात कोरलेलं इंग्रजी ई अक्षर आणि आकडा आहे का बघा. ती युरोपीय मान्यतेची खूण. नकली मालावरही ती छापतात, म्हणून भिंतीवर झोत पाडून वरची कड सरळ तुटते का तेही तपासा.

झोत सेट करताना गाडी सपाट जागी, भिंतीपासून दहाएक मीटरवर उभी करा. आणि मागच्या सीटवर तिघांना बसवा, डिकीत बॅगा टाका. कारण चिखलदऱ्याला जाताना गाडी मागून दबलेली असते, नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीत नीट बसवलेला झोतही थेट एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.