विश्लेषण : कंपनीचा वार्षिक सोहळा नेमका कुठे फसतो?

१८ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. हैदराबादजवळच्या फिल्मसिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीचा रौप्यमहोत्सव सुरू होता. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांचे एक वरिष्ठ सहकारी लोखंडी पिंजऱ्यातून मंचावर उतरणार होते. पिंजऱ्याचा आधार एका बाजूने तुटला आणि दोघेही खाली कोसळले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला, सहकारी गंभीर जखमी झाले.

इतकी टोकाची घटना विरळाच. पण कंपन्यांचे कार्यक्रम फसतात त्यामागचे कारण अनेकदा याच जातीचे असते. जे दिसते त्यावर महिनाभर चर्चा होते आणि ते ज्याच्या आधारावर उभे आहे, ते कोणी तपासत नाही.

जबाबदारी कोणाकडे?

बहुतेक कार्यालयांत हे काम मनुष्यबळ विभागातल्या एखाद्या तरुण कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडते. ‘तू कॉलेजात गॅदरिंग केलं होतंस ना?’ एवढीच त्याची पात्रता. नेहमीचे काम सांभाळून त्याने हे करायचे आणि निर्णय मात्र पाच साहेबांनी घ्यायचे. त्यामुळे पहिली गोष्ट ठरवायची ती ही, की शेवटचा शब्द कोणा एकाचा असेल आणि खर्चाला मान्यता तोच देईल. कार्यक्रम कशासाठी, हेही एका वाक्यात लिहून घ्यावे. वितरकांचा मेळावा, गुणगौरव आणि कुटुंबीयांसह स्नेहसंमेलन हे तीन वेगळे कार्यक्रम आहेत. तिन्ही एकाच संध्याकाळी उरकायला गेले की एकही धड होत नाही.

रात्री दहापासून उलटी मोजणी का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत आवाज ठेवण्याच्या अटीवर सवलत आहे. लॉनवरचा कापडी मंडप म्हणजे बंदिस्त सभागृह नव्हे, हे मात्र अनेकांना पोलीस आल्यावर कळते. सरकार काही दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देते, ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. आपल्या शुक्रवारच्या पार्टीचा तो दिवस असण्याची शक्यता कमीच.

आता एक साधा हिशेब मांडू. कार्यालय हिंजवडीत, लॉन बाणेरला, वार शुक्रवार. निमंत्रणावर वेळ साडेपाचची. त्या रस्त्यावरची वाहतूक ज्याला माहीत आहे, तो सांगेल की खुर्च्या सात वाजता भरतील. सव्वासातला दीपप्रज्वलन. तीन भाषणे, ‘पाच-पाच मिनिटांची’. प्रत्यक्षात पाऊण तास. मग ४० पुरस्कार. नाव पुकारणे, टाळ्या, चालत येणे, फोटो, खाली उतरणे यांत एकाला दीड मिनिट धरले तरी पूर्ण एक तास. म्हणजे नऊ वाजले. त्यानंतर कर्मचाऱ्यांचे नृत्य, ज्यासाठी बिचाऱ्यांनी तीन आठवडे तालीम केली, आणि मग डीजे. त्याला मिळतात जेमतेम वीस मिनिटे. हा घोळ कोणाच्या आळसामुळे होत नाही, कार्यक्रमपत्रिका सुरुवातीकडून शेवटाकडे लिहिल्यामुळे होतो. दहा वाजता आवाज बंद, हे धरून मागे येत गेले की पुरस्कार १५ करावेत आणि उरलेले कार्यालयातच द्यावेत, हे आपोआप दिसते. वरिष्ठांना भाषण आवरते घ्यायला सांगण्यासाठीही हा कागद उपयोगी पडतो.

परवानग्या कोणत्या?

ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. जागा कोणती यावर पोलीस आणि अग्निशमन दलाच्या अटी बदलतात, म्हणून लॉनमालकाच्या ‘आमच्याकडे सगळं आहे’ या उत्तरावर न थांबता प्रती मागून घ्याव्यात. मद्य असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना हवा आणि त्या दिवशी ‘ड्राय डे’ नाही ना, हे तारीख पक्की करण्यापूर्वी पाहावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते संगीताकडे. लग्नसमारंभ आणि धार्मिक विधींना कॉपीराइट कायद्यात सूट आहे; कंपनीच्या पार्टीला ती नाही. मोबाइल अ‍ॅपचे पैसे भरले म्हणजे त्यावरची गाणी ५०० जणांना ऐकवायचा हक्क मिळत नाही, ते सभासदत्व वैयक्तिक वापरापुरते असते. ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगवेगळे असू शकतात. कोणाचा परवाना कोण काढणार, हे डीजेशी बोलतानाच लिहून घेतलेले बरे.

मंच कोणी तपासायचा?

आयोजन संस्थेच्या अंदाजपत्रकात एलईडी पडद्याचा आकार फुटांत लिहिलेला असतो. तो पडदा ज्या सांगाड्यावर टांगायचा, त्याला किती वजन पेलते हेही मागावे. माणूस उचलणारी किंवा हवेतून खाली आणणारी कोणतीही कल्पना असेल तर अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र आणि पूर्ण वजनानिशी चाचणी, त्याशिवाय नाही. गालिच्याखालून गेलेल्या वायरी, जनरेटरचे अर्थिंग आणि बाहेर पडायचे मार्ग दुपारीच चालत जाऊन पाहावेत. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलमधील आगीत १४ जणांचा जीव गेला. जीव वाचवण्यासाठी अनेक जण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच अडकले. संकटाचा मार्ग सजावटीच्या पडद्यामागे झाकला गेला असेल, तर सजावट काढावी.

जेवणाची रांग कशी टळेल?

पदार्थ किती, यापेक्षा रांगा किती हे विचारावे. एका रांगेत दर १५ सेकंदांना एक ताट वाढून निघते असे धरले, तर दोन रांगांतून ५०० जणांना तासाभराहून जास्त वेळ लागेल. आठ रांगा असतील तर १६ मिनिटांत काम होते. खर्चात फार फरक पडत नाही, कारण अन्न तेवढेच लागते. जैन आणि उपवासाचे ताट वेगळे सांगून ठेवावे. चालक, सुरक्षारक्षक आणि छायाचित्रकार यांचीही संख्या धरावी. ती न धरल्यामुळे साडेअकराला पनीर संपल्याचे या लेखकाने एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

पार्टीत कार्यालयाचे नियम लागू होतात का?

होतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन हेही ‘कामाचे ठिकाण’च मानले आहे. त्यामुळे रिसॉर्ट असो वा परतीची बस, अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. समितीतील कोण हजर असेल आणि त्यांचा क्रमांक काय, हे निमंत्रणातच द्यावे. मद्यपान होणार असेल तर घरी सोडायची वाहने निघण्याच्या वेळी शोधायची नसतात.

पाहुणे गेल्यावर काय?

रात्री बाराला मंडप उतरवायला कामगार येतात. दिवसभर राबलेले, अनेकदा हेल्मेट आणि सुरक्षापट्ट्याविना ते उंच सांगाड्यावर चढतात, कारण सकाळी लॉनवर दुसऱ्याचे लग्न असते. आयोजन संस्थेशी करार करताना या माणसांचा विमा, सुरक्षासाधने आणि रात्रीचे जेवण यांची ओळ त्यात घालता येते. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ती पाळली गेली का, हे विचारता येते.