मांडीवर बाळ, हातात नर्सिंगचे पुस्तक

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे मुलीच्या पुढच्या शिक्षणाची चौकशी करतात. पूर्वी बहुतेकांच्या तोंडी डी.एड.चे नाव असे. आता नर्सिंगचेही नाव निघते, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. बुरख्यातली एखादी भगिनी दवाखान्यात आपले दुखणे सांगताना अडखळते, आणि समोर तिचीच बोली बोलणारी परिचारिका असली तर तीच भगिनी मोकळेपणाने बोलते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मदिनेत जखमींसाठी तंबू उभारणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण आपल्या घरांत शिक्षण, निकाह आणि पहिले बाळ हे तिन्ही बहुधा दोन-चार वर्षांच्या आतच येतात. मुलगी पहिल्या वर्षाला असते, मांडीवर तान्हे असते, आणि घरात कोणीतरी म्हणते, "आता बस झाले. अभ्यास की बाळ, एक काय ते ठरव." आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. बाळ तिचे आहे, तसे ते घराचेही आहे. तेव्हा प्रश्न तासांचा आहे आणि हातांचा आहे. तास किती लागतात आणि घरात हात किती आहेत, याचा हिशेब आधी मांडला तर पुष्कळ मुलींचे शिक्षण वाचेल.

अभ्यास किती, हे आधी समजून घ्या

नर्सिंगचे मुख्य तीन मार्ग आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. जी.एन.एम.ला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते.

बी.एस्सी.चे पहिले सत्र आपण उदाहरणादाखल घेऊ. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमात या एका सत्रात शरीररचनेचे ६० तास आहेत, शरीरक्रियेचे ६०, समाजशास्त्राचे ६०, मानसशास्त्राचे ६० आणि इंग्रजीचे ४०. शिवाय परिचर्येच्या मूलतत्त्वांचे वर्गातले १२० तास, प्रयोगशाळेतले ८० आणि प्रत्यक्ष वॉर्डातले १६० तास. दुसऱ्या सत्रात जीवरसायन आणि आहारशास्त्र येते, तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र. आठवड्याला सुमारे चाळीस तास महाविद्यालयात जातात. घरचा अभ्यास त्याहून वेगळा.

आता हजेरी. परीक्षेला बसायचे तर प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी हवी, आणि गैरहजेरी कोणत्याही कारणाची असली तरी ती गैरहजेरीच धरली जाते. डॉक्टरांचा दाखला दिल्याने तास भरून निघत नाहीत. वॉर्डातले तास तर पदवी मिळण्यापूर्वी १०० टक्के पूर्ण करावेच लागतात.

हाच नियम बाळंतिणीला लावून पाहा. शरीररचनेचे ६० तास वीस आठवड्यांत होतात, म्हणजे आठवड्याला तीन. ८० टक्के म्हणजे ४८ तास. जास्तीत जास्त १२ तास चुकवता येतात, म्हणजे चार आठवडे. आपल्याकडे चिल्ला चाळीस दिवसांचा. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे आणि सुमारे १७ तास. मुलीने बाकी एक दिवसही चुकवला नाही तरी एकट्या चिल्ल्यानेच तिची हजेरी कमी पडते. हे गणित आम्ही फळ्यावर मांडून दाखवतो तेव्हा पालक गप्प होतात. मुलगी हुशार असो वा मेहनती, सत्राच्या मध्यावर बाळंतपण आले की ते सत्र तिच्या हातातून जाण्याचा धोका मोठा असतो.

यावर उपाय आहेत. बाळंतपणाची तारीख सत्राच्या मध्यावर येत असेल, तर गुपचूप गैरहजर राहण्यापेक्षा प्राचार्यांना आधीच लेखी अर्ज द्यावा आणि ते सत्र पुढच्या तुकडीबरोबर करण्याची परवानगी मागावी. चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायला आठ वर्षांपर्यंत मुदत असते. बाळ आधीच झाले असेल आणि प्रवेश घ्यायचा असेल, तर एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे. एक वर्ष उशीर झाला म्हणून कोणी मागे पडत नाही. अर्धवट सोडले की मात्र परत येणे फार कठीण जाते.

कायद्याचा आधार

आम्हा शिक्षिकांना बाळंतपणाची १८० दिवसांची रजा मिळते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांना कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, आणि कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टीही मिळते. विद्यार्थिनी मात्र कोणाची नोकर नाही, म्हणून हा कायदा तिला लागू होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितले आहे. या पत्राचा उल्लेख अर्जात जरूर करावा. पण नर्सिंगच्या हजेरीचा नियम परिचर्या परिषदेचा आहे, म्हणून केवळ सवलतीच्या भरवशावर राहू नये.

प्रवेश घेतानाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. वसतिगृहात राहणे सक्तीचे आहे का? लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीला घरून ये-जा करता येते का? वॉर्डाच्या पाळ्या कोणत्या वेळेच्या असतात? दूध काढायला बंद दाराची एखादी खोली मिळेल का? आमच्या माहितीतल्या एका मुलीचे शिक्षण वसतिगृहाच्या अटीवर अडले. ती अट तिच्या घरच्यांना फी भरल्यानंतर कळली.

दिवस गेलेल्या मुलीने ती बातमी महाविद्यालयात लपवू नये. एक्स-रे विभाग आणि संसर्गाचे वॉर्ड यांपासून तिला दूर ठेवायचे असते, आणि शिक्षकांना माहीत असेल तरच ते तशी नेमणूक करतील. हेपेटायटिस बी लशीचे तीन डोस प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला लागतात. ही लस दूध पाजणाऱ्या आईलाही चालते.

दुधाचा प्रश्न

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतर वरचे अन्न आणि त्याच्या जोडीला दोन वर्षे किंवा अधिक काळ आईचे दूध. कुरआनातही पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख सूरह बकरहच्या २३३व्या आयतीत आहे. पण ही आयत आपण अर्धीच सांगतो. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि दूध सोडवायचे तर दोघांनी परस्परांच्या संमतीने आणि सल्ल्याने ठरवावे असे सांगितले आहे. बाळाचे दूध हा नवरा-बायकोने मिळून विचार करण्याचा विषय आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

आई महाविद्यालयात सहा-आठ तास असेल तर हाताने दूध काढून ठेवता येते. हात साबणाने धुवावेत. स्टीलची झाकणाची वाटी उकळून घ्यावी. बाहेर ठेवलेले दूध चार तासांच्या आत वापरावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते बाहेर ठेवूच नये. फ्रिजमध्ये ठेवलेले दूध एका दिवसात संपवावे. ते गॅसवर तापवू नये, वाटी कोमट पाण्यात धरावी. पाजताना बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. तो स्वच्छ ठेवणे सोपे जाते आणि बाळाला बाटलीची सवय लागत नाही. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेला बटाटा सुरू झाला की आईच्या दिवसाला थोडी उसंत मिळते.

वॉर्डातून आल्यावर एक शिस्त पाळावी. बाळ कितीही रडत असले तरी आधी गणवेश बदलायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग त्याला उचलायचे. दारातच बाळ तिच्या हातात देण्याची घाई घरच्यांनीही करू नये.

अभ्यासाचा एक धडा मात्र या आईच्या अंगातच लिहिलेला असतो. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते वाहते, हे वाक्य इतर मुली पाठ करतात. तिला बाळाच्या रडण्याच्या आवाजाने पान्हा फुटतो तेव्हाच ते समजलेले असते. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० वेळा आणि मोठ्या माणसाचा १२ ते २० वेळा चालतो, हे तिने झोपलेल्या बाळाच्या आणि नवऱ्याच्या शेजारी बसून एकदा मोजले की परीक्षेत विसरणार नाही.

तीन रकान्यांची वही

आपल्या मुलींना पहिल्या सत्रात सर्वांत जास्त दमवते ती इंग्रजी. दहावीपर्यंतचे विज्ञान कोणी उर्दूत शिकलेली असते, कोणी मराठीत, आणि नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून एक साधा उपाय सुचवतो. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. खलिया, पेशी, सेल. गुर्दा, मूत्रपिंड, किडनी. शिरयान, धमनी, आर्टरी. वरीद, शीर, व्हेन. रोज दहा शब्द. बोलीतल्या शब्दाने घोटाळा होतो तिथे जास्त जपावे. "सलाइनला नस सापडत नाही" आणि "कमरेत नस दबली" या दोन्ही वाक्यांत आपण नसच म्हणतो. पण पहिली व्हेन आहे आणि दुसरी नर्व्ह. उत्तरपत्रिकेत ही चूक महागात पडते, आणि वॉर्डात त्याहून महाग.

तान्ह्या बाळाच्या आईला सलग तीन तास बसायला मिळणार नाहीत. वीस-वीस मिनिटांचे तुकडे मिळतील. ही वही त्या तुकड्यांसाठीच आहे. रात्री दूध पाजताना मात्र पुस्तक उघडू नये. बाळ झोपले की आईनेही झोपावे. झोप मोडून केलेला अभ्यास सकाळी आठवत नाही.

घराचे हात

आमची एक माजी विद्यार्थिनी आठ महिन्यांचे बाळ घरी ठेवून दुसऱ्या सत्राला जात होती. तिच्या सासूबाई सकाळी बाळाला अंघोळ घालून झोपवत. दुपारी नणंद शाळेतून आली की बाळ तिच्याकडे. नवऱ्याचे छोटेसे दुकान. तो रात्री नऊला घरी आला की बाळ त्याच्या खांद्यावर आणि ती पुस्तकापाशी. भाकऱ्या सासूबाई थापत आणि भांडी नवरा घासत असे. शेजारी हसले. सासूबाई म्हणाल्या, "उद्या तुमच्या घरी कोणी आजारी पडले तर तुम्ही हिलाच हाक मारणार ना?" ती पुढच्या वर्गात गेली. तिच्या गुणपत्रिकेत तिच्या मेहनतीइतकाच या घराच्या शहाणपणाचा वाटा आहे.

नवऱ्याने घरकाम केल्याने त्याची इज्जत कमी होत नाही. पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगून ठेवले आहे. ज्या घरात सासूबाई थकलेल्या आहेत किंवा कुटुंब दोघांचेच आहे, तिथे नानी, खाला, फुफी यांना आधीच विचारावे. ऐन परीक्षेत धावाधाव करू नये. रमजानात परीक्षा आली आणि रोज्याने आईला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल, तर दूध पाजणाऱ्या आईला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ती सवलत घेताना तिला टोमणे ऐकावे लागू नयेत.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी डोळसपणे पाहावी. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, मन उदास होणे हे पुष्कळ जणींना होते. दोन आठवडे उलटले तरी ती उदास असेल, बाळाकडेही मन लागत नसेल, झोप मिळत असूनही झोपत नसेल, तर तो आजार आहे. नजर लागली म्हणून दुआ जरूर करा, पण तिला डॉक्टरांकडेही न्या. "अभ्यासाचे वेड घेतलेस म्हणून असे झाले," हे वाक्य तेवढे तिच्या कानावर घालू नका.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या घरातली मुलगी किंवा सून नर्सिंगला जाणार असेल, तर फी भरण्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसा. कॅलेंडर समोर घ्या. सत्र कधी सुरू होते, परीक्षा कधी, पाळ्या कोणत्या, ते त्यावर मांडा. मग प्रत्येक पाळीपुढे बाळाला सांभाळणाऱ्याचे नाव लिहा. जिथे नाव सुचत नाही ती जागा रिकामी सोडू नका, तिथे बापाचे नाव लिहा.