नोंदणीत न दिसणारी घराणी

भोपाळमध्ये कर्करोगाची पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती वायुकांडानंतर. डिसेंबर १९८४ मधल्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. जे वाचले त्यांना पुढे कर्करोग गाठतो का, यावर लक्ष ठेवणे भाग होते. १९८६ च्या सुमारास गांधी मेडिकल कॉलेजात कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत हे काम १९६३ पासून चालू होते; सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ते १९८७ मध्ये सुरू झाले. भोपाळच्या या नोंदणीचे मोल मोठे आहे. पण ती मोजते ते अवयवानुसार. ज्या घराण्यात किडनीतल्या पाण्याच्या गाठी बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे येतात, त्यांना किडनीचा कर्करोग जास्त होतो का, हे तिच्या आकड्यांतून कळत नाही.

योगायोगाने तोच काळ या आजाराचे, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनीचे, मूळ सापडण्याचा होता. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याचा दोष सोळाव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती आले, दोन वर्षांनी दुसरे. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. वायुग्रस्त शहरात प्रत्येक दुखण्याचे बोट त्या रात्रीकडे जाते आणि ते समजण्यासारखे आहे. पण घराण्यात आधीपासून चालत आलेला हा दोष त्या रात्रीने दिलेला नाही.

पुढे सोनोग्राफी गावोगावी पोहोचली आणि घरांत नवी भीती शिरली. दोन्ही किडन्यांत असंख्य गाठी, असा रिपोर्ट हाती आला की पहिला विचार कर्करोगाचा येतो. प्रत्यक्षात या गाठींत पाणी असते. त्या वाढत जातात, रक्तदाब चढतो आणि अनेकांची किडनी पन्नाशी-साठीत निकामी होते. खरा धोका तिथे आहे, आणि तो टाळण्यासाठी रक्तदाब लवकर ताब्यात आणणे फार मोलाचे आहे.

मग कर्करोगाचे काय? काढून टाकलेल्या अशा किडन्या तपासल्या तेव्हा काहींत कर्करोग सापडला, आणि धोका मोठा असावा असे वाटू लागले. मात्र वेदना, रक्तस्राव किंवा संशय असल्याशिवाय किडनी सहसा काढत नाहीत. त्यामुळे त्या आकड्यांवरून सगळ्या रुग्णांचा अंदाज बांधता येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात, वय वगैरे जमेस धरल्यावर, पॉलिसिस्टिक रुग्णांत एकूण कर्करोग इतरांपेक्षा कमी निघाला. दोन वर्षांनी तैवानचा अभ्यास उलट सांगत आला: डायलिसिसची वेळ न आलेल्या रुग्णांत किडनी, यकृत आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग जास्त. हा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांची सोनोग्राफी पुन्हापुन्हा होते, त्यांच्यात कर्करोगाच्या लहानसहान गाठीही लवकर सापडतात, हेही विसरून चालणार नाही.

दोन गोष्टी मात्र बऱ्याच पक्क्या आहेत. पहिली, वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या किडनीत, मूळ आजार कोणताही असो, नव्या गाठी होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. १९७७ पासून हे ठाऊक आहे. दुसरी, गाठींच्या गर्दीत कर्करोग ओळखणे अवघड असते. गाठ फुटली की लघवीतून रक्त जाते आणि कर्करोगातही जाते. म्हणून रक्त थांबत नसेल, वजन उतरत असेल, किंवा एखादी गाठ भरीव दिसत असेल, तर सोनोग्राफीवर न थांबता एमआरआय किंवा रंगद्रव्य देऊन सीटी करावा लागतो. ज्यांची किडनी आधीच थकली आहे त्यांच्यासाठी तो निर्णयही सोपा नसतो.

भोपाळच्या एम्समध्ये २०२४ पासून किडनी प्रत्यारोपण होऊ लागले. या घराण्यांत भाऊ किंवा मुलगा किडनी द्यायला पुढे आला, तर आधी त्यालाच हा आजार नाही ना हे पाहावे लागते. म्हणजे प्रत्यारोपणाच्या निमित्ताने अख्ख्या कुटुंबाची तपासणी होते. शहरातले हमीदिया रुग्णालय आणि नोंदणी सांभाळणारे गांधी मेडिकल कॉलेज एकाच आवारात आहेत. हमीदियाच्या किडनी विभागातल्या अशा कुटुंबांची यादी, त्यांच्या संमतीने, कर्करोग नोंदणीशी ताडून पाहिली, तर अमेरिका आणि तैवानच्या आकड्यांवर विसंबण्याची वेळ येणार नाही. चार दशकांची नोंद हाताशी असलेल्या शहराने हे काम हाती घ्यायला हवे.