इन्फ्रारेड फिल्म आणि कॅमेऱ्याचे पोट

दृश्य प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा, त्यापुढे इन्फ्रारेड. हिरवी पाने तो भरपूर परावर्तित करतात. म्हणून पालघरजवळच्या केळवे-शिरगावची किनाऱ्यालगतची झाडी फिल्मवर पांढरी उमटते, निरभ्र आकाश काळपट.

• फिल्मची पोच : इलफर्ड एसएफएक्स 200 सुमारे 740, रोलाय इन्फ्रारेड 400 सुमारे 820, कोडॅक एचआयई 900 नॅनोमीटरपर्यंत. एचआयईचे उत्पादन 2007 मध्ये थांबले.

• छिद्रमोजणी : खरी गोम इथे. कॅननच्या अनेक ईओएस फिल्म कॅमेऱ्यांत फिल्मच्या कडेची छिद्रे मोजून रोल किती सरकला हे इन्फ्रारेड एलईडी ठरवतो. डोळ्यांना तो दिसत नाही, फिल्मला दिसतो; कडेला धुरकट पट्टा उमटतो. दातेरी चाकाने मोजणारे जुने यांत्रिक कॅमेरे यातून सुटतात.

• प्रेशर प्लेट (फिल्मला मागून सपाट धरणारी पट्टी) : एचआयईला मागून परतणारा प्रकाश शोषणारा थर नव्हता. त्यामुळे तेजस्वी भागांभोवती प्रभा येई आणि प्लेटवर खळगे असल्यास त्यांची नक्षीही. गुळगुळीत काळी प्लेट बरी.

• मागची खिडकी : रोलचे नाव दाखवणाऱ्या झरोक्यातून प्रकाश झिरपू शकतो; वर काळी चिकटपट्टी लावतात. दाराच्या कडेचा फोम दमट हवेत चिकट होऊन झडतो, तोही तपासावा लागतो.

• फोकस : इन्फ्रारेड दृश्य प्रकाशापेक्षा किंचित मागे एकवटतो. जुन्या लेन्सवरची लाल खूण त्यासाठीच.