रक्ताचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रक्ताविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु रक्ततपासणीचा अहवाल हाही एक हिशेबच असतो, आणि हिशेबात नुसती शेवटची बेरीज पाहून भागत नाही.

माझे आजोळ इंदूरचे. तेथील राजेंद्रनगरात मराठी कुटुंबे पुष्कळ. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, सकाळी पोहे आणि त्यावर शेव. गतवर्षी तेथे माझ्या मामांना वयाच्या ४८ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ते वाचले. मामा विडी-सिगारेट ओढत नाहीत, मधुमेह नाही. शिवाय सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल कपाटात होताच : एकूण कोलेस्टेरॉल १९२. दोनशेच्या आत, म्हणून सारे निर्धास्त!

सुटीत तो कागद मी पाहिला. एच.डी.एल. ३२, ट्रायग्लिसराइड २००, एल.डी.एल. १२०. कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या गाड्यांत बसून फिरते. एल.डी.एल. ही गाडी धमनीच्या भिंतीत माल टाकते. गंमत अशी, की पुष्कळ अहवालांत एल.डी.एल. मोजलेले नसून काढलेले असते. फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दिलेले सूत्र असे : एकूणातून एच.डी.एल. व ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. १९२ वजा ३२ वजा ४०, राहिले १२०. म्हणजे आमची बॅलन्सिंग फिगरच! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. त्याहून सोपा हिशेब म्हणजे एकूणातून फक्त एच.डी.एल. वजा करणे. मामांचे १६० येतात. धोका कमी असलेल्या माणसालाही ते १३० च्या आत हवेत. बेरीज ठीक होती, पोटातले आकडे ठीक नव्हते.

आणखी एक आकडा त्या अहवालात नव्हताच. झटक्यानंतर डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए ही तपासणी करविली. ५० मिलिग्रॅमच्या वर धोका मानतात. मामांचे ९६ निघाले. ही एल.डी.एल.सारखीच, पण एक जादा प्रथिन चिकटलेली गाडी. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी ती १९६३ साली दाखवून दिली. हिचे प्रमाण मुख्यतः आईबापांकडून येते, पथ्य-व्यायामाने फारसे हलत नाही. म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली हेच सुचविले, आणि पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षी करावी असेही. म्हणजे हा अंक वाचणारे बहुतेक विद्यार्थी त्यात आले.

"हलतच नाही तर मोजून काय करायचे?" असे मामेभावाने विचारले. प्रश्न चुकीचा नाही. एक खाते हाताबाहेरचे आहे असे कळले, तर एल.डी.एल., रक्तदाब, साखर ही उरलेली खाती अधिक कसोशीने सांभाळता येतात. औषध केव्हा सुरू करावे याचा डॉक्टरांचा निर्णयही त्याने बदलू शकतो. तरी "मला काय धाड भरली आहे!" म्हणून तो रक्त द्यायला गेला नाही. माझ्या आईने दिले. तिचे ८८. तेव्हा माझीही पाळी आली.

आपल्याकडे डॉक्टरांना काही विचारणे म्हणजे त्यांची परीक्षा घेणे, असा समज आहे. मी आमच्या इथल्या डॉक्टरांना कन्नडमधूनच, आधी माहिती सांगितली : मामांचे वय, आईचा आकडा. मग लिपिडबरोबर लायपोप्रोटीन-ए करावी का, असे विचारले. ते रागावले नाहीत. उलट आजोबा कशाने व कितव्या वर्षी गेले हे त्यांनी विचारले, त्यासाठी मला घरी फोन करावा लागला. वडील-भावांना ५५ च्या आत, किंवा आई-बहिणींना ६५ च्या आत हृद्रोग झालेला असल्यास ते सांगावेच. जाहिरातीतले सत्तर-ऐंशी तपासण्यांचे पॅकेज मात्र परस्पर घेऊ नये. त्यात नेमकी हीच तपासणी आहे की नाही, हे कोण पाहतो?

लिपिड तपासणीसाठी आता उपाशीपोटी जावेच लागते असे नाही. ट्रायग्लिसराइड फार निघाल्यास ती उपाशीपोटी पुन्हा करतात. ताप वगैरे असताना जाऊ नये, आकडे बदलतात.